हल्ली मुक्काम हाल्ली

फिन्निश भाषेचं कुठलंही बाळबोध पुस्तक उघडा, पहिल्याच धड्यात एक माणूस कॅफेत बसलेला सापडतो. तो कॉफी मागवतो, दालचिनी घातलेला गोड पाव मागवतो आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईंना विचारतो, ‘नमस्कार! आपण कुठल्या? आज हवा छान आहे, नाही का?’ हा धडा लिहिणारा गृहस्थ फार आशावादी असावा. खऱ्या फिनलंडमध्ये अनोळखी बाईंना हवा छान असल्याचं सांगितलं, तर त्या आधी खिडकीबाहेर बघून खात्री करून घेतात, मग ‘यो’ म्हणजे ‘हो’ म्हणतात आणि मग टेबल बदलतात. संभाषण संपलं.

हेलसिंकीला खेटून असलेल्या एस्पो शहरात नोकरीनिमित्त राहून माझं असं ठाम मत झालं आहे, की फिन्निश माणूस नुसता बसून बोलत नाही. आधी त्याचं शरीर कुठल्यातरी कामाला जुंपावं लागतं. हातात रॅकेट द्या, पायात स्केट्स चढवा, नाहीतर गळ्याएवढ्या पाण्यात सोडा. मग तो घरच्या कुत्र्यापासून नेटोपर्यंत कशावरही बोलतो. आणि वर्षातला निम्मा काळ बाहेर अंधार आणि घसरडं असल्यामुळे ही जुंपणी छपराखाली होते. तेव्हा ज्याला फिन्निश खरोखर बोलायची आहे, त्यानं कॅफेतल्या माणसाला त्याच्या पावासकट तिथेच सोडावं आणि बंदिस्त क्रीडागृहांचे शब्द पाठ करायला घ्यावेत.

या शब्दसंग्रहाचा पाया म्हणजे ‘हाल्ली’. आपला हॉलच, पण स्वीडिशमार्गे आलेला. पोहण्याची ती उइमाहाल्ली, बर्फावरच्या खेळांची यॅहाल्ली, बोलिंगची केइलाहाल्ली, चेंडूच्या तमाम खेळांची पाल्लोइलुहाल्ली. व्यायामशाळेला मात्र ‘कुन्तोसाली’ म्हणतात. कुन्तो म्हणजे तब्येत आणि साली म्हणजे दालन, पण मराठी माणसाला हा शब्द ऐकून पंडुराजाची सासुरवाडी आठवते. नोव्हेंबरअखेर दुपारी साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळला, की अख्खं गाव पिशव्या घेऊन या नाहीतर त्या हाल्लीत जाऊन बसतं. तिथल्या कुणालाही पत्रावर पत्ता घालायला सांगितला, तर प्रामाणिक उत्तर एकच निघेल: हल्ली मुक्काम हाल्ली.

हाल्लीतला ‘ल’ दुहेरी आहे आणि तो दुहेरीच उच्चारायचा, असं आमच्या संध्याकाळच्या वर्गातल्या बाई बजावून सांगत. कारण ‘हाली’ म्हणजे मिठी. ‘हाल्ली कुठे आहे?’ हा साधा प्रश्न एका ‘ल’नं घसरला, तर रस्त्यातल्या अनोळखी माणसाकडे आपण मिठीची चौकशी केलेली असते, आणि तो देश तर दोन बसप्रवाशांमध्ये एक पूर्ण बाक मोकळा सोडणाऱ्यांचा. त्याहून जहाल उदाहरण ‘तापाऽन सिनुत हाल्लिल्ला’ हे. अर्थ: ‘मी तुला हाल्लीवर भेटतो.’ यातला दुसरा ‘आ’ आखूड केला, की ‘मी तुला हाल्लीवर ठार मारतो’ असा निरोप जातो. बाई सांगत, की लोक तरीही वेळेवर येतात. वचन म्हणजे वचन.

मे महिन्यात माझे सासरे आले. अप्पा मूळचे कराडचे, वय ऐंशीच्या घरात, तरुणपणी तालमीत मेहनत केलेले. येण्याचं पहिलं कारण त्यांची लेक आणि दुसरं पुढे येईलच. मला उइमाहाल्लीत निघालेला पाहून तेही टॉवेल घेऊन उभे राहिले.

तिथल्या दारांवर मराठी माणसासाठी एक खास सापळा लावलेला आहे. एका दारावर रोमन लिपीत नुसता ‘एम’ असतो, दुसऱ्यावर ‘एन’. मराठी मेंदू क्षणात उलगडा करतो: ‘म’ महिलांचा, ‘न’ नरांचा. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ‘मिएहेत’ म्हणजे पुरुष आणि ‘नाइसेत’ म्हणजे बायका. दार चुकल्यावर ‘माफ करा’ म्हणून मागे फिरण्याची सवड कपडे असणाऱ्या जगात मिळते. या दारांमागे ते जग संपलेलं असतं. अप्पांना मी हे इतक्यांदा सांगितलं, की ते म्हणाले, ‘जावईबापू, कळलं. आता तुम्ही पुढं व्हा, मी मागनं येतो.’

आतल्या खोलीचं नाव ‘पुकुहुओने’, म्हणजे पोशाखाची खोली. पोशाख काढण्याची, असं म्हणायला हवं. सामान ठेवायच्या कपाटाला ‘काप्पी’ म्हणतात. मद्रासकडचा कुणी आला तर हा शब्द ऐकून तो पेला शोधत बसेल. काप्पीला कुलूप लावायचं, किल्लीचा पट्टा मनगटावर चढवायचा आणि मग खरी परीक्षा सुरू होते. कारण पुढची पाटी सांगते, की तलावात किंवा सौनात जाण्याआधी अंग स्वच्छ धुवायचं, आणि तेही पोहण्याचा पोशाख न घालता. सौनात तर पोशाख चालतच नाही. बसायला तेवढा एक चौकोनी तुकडा मिळतो, कागदाचा नाहीतर कापडाचा. त्याला ‘पेफ्लेत्ती’ म्हणतात. बुडाला लहान मुलं ‘पेफ्फा’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं.

मध्यमवर्गीय मराठी पुरुषानं पंचा गुंडाळून, दातांत एक टोक धरून, एका पायावर उभं राहून कपडे बदलण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. फिनलंडमध्ये या विद्येला काडीची किंमत नाही. उलट असा नाचणारा माणूस दिसला, की आजूबाजूचे लोक काळजीनं बघतात. हेलसिंकीच्या मध्यात युर्यन्काटू नावाच्या रस्त्यावर १९२८ साली उघडलेली उइमाहाल्ली आहे, देशातली सर्वांत जुनी. खांब, कमानी, सगळा राजेशाही थाट. तिथे पुरुषांच्या आणि बायकांच्या वेळा वेगळ्या आणि सगळे नागवे पोहणार, हाच रिवाज. पोहण्याचा पोशाख घालायला तिथे परवानगी मिळाली ती २००१ साली, आणि तीसुद्धा सक्ती म्हणून नव्हे, हौस असेल तर.

एवढं सगळं मी अप्पांना बाहेर सांगितलं, ते त्यांचा धीर खचू नये म्हणून. पण लंगोट हाच पूर्ण पोशाख मानणाऱ्या तालमीत वाढलेला माणूस तो. अप्पा दोन मिनिटांत पेफ्लेत्ती अंथरून सौनाच्या सर्वांत वरच्या बाकावर जाऊन बसले, आणि खाली मी भिंतीवरच्या लाकडाच्या रेषा मोजत होतो. फिन्निशमध्ये पंधरा विभक्ती आहेत. सौनात सासऱ्यांशेजारी बसलेल्या जावयासाठी त्यातली एकही कामाची नाही.

विभक्तींचा विषय निघालाच आहे, तर सांगून टाकतो. वर्गातले इंग्रज आणि अमेरिकन सहाध्यायी या पंधरा विभक्तींपुढे हतबल होत. हाल्लिस्सा म्हणजे हाल्लीत, हाल्लिस्ता म्हणजे हाल्लीतून, हाल्लिल्ला म्हणजे हाल्लीवर. त्यांना वाटे, शब्दाच्या शेपटीला हे काय चिकटतंय? मला मात्र शाळेतलं ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ ऐकू येई, आणि ‘ऊन, हून’ म्हणताना डोलणारी अख्खी चौथी ‘ब’ डोळ्यांपुढे उभी राही. त्याहून गंमत पुढे होती. तलावाला ‘अल्लास’ म्हणतात, पण तलावात उतरलात की ‘अल्तास्सा’ होतं. पाणी म्हणजे ‘वेसि’, पण पाण्यात म्हणजे ‘वेदेस्सा’. ‘शब्द मध्येच का बदलतो?’ असं एका सहाध्यायानं कळवळून विचारलं. ज्या भाषेत विंचू चावायच्या आत त्याचा विंचवानं होतो आणि भाऊ घरी येईपर्यंत भावाला होतं, तिच्यात वाढलेल्या मला तो प्रश्नच कळला नाही. सामान्यरूप म्हणजे आमच्या घरचं कार्य.

तर, वेदेस्सा. उइमाहाल्लीत पोहण्याच्या पट्ट्या आखलेल्या असतात: जलद, सावकाश आणि एक ‘वेसियुओक्सू’ची. वेसि म्हणजे पाणी, युओक्सू म्हणजे धावणं. कंबरेला तरंगणारा पट्टा बांधायचा आणि तळाला पाय न लागणाऱ्या खोल पाण्यात उभ्यानं धावायचं. धावणाऱ्याचा वेग साधारण सत्यनारायणाच्या रांगेइतका. या पट्टीत बहुतांशी साठीच्या पुढच्या बायका असतात, दोन-दोनच्या जोडीनं, माना पाण्याबाहेर. आणि तिथे, कॅफेच्या धड्यानं जिची व्यर्थ वाट पाहिली, ती फिन्निश भाषा दुथडी भरून वाहत असते! गुडघ्याची शस्त्रक्रिया, उन्हाळ्यातल्या लाकडी घराचं गळकं छप्पर, सुनेनं निवडलेला पडद्यांचा रंग, सगळं काही. पन्नास मीटरचं अंतर जायला त्यांना जेवढा वेळ लागतो, त्यात माझा एक धडा पुरा होतो. मागून जोरात पोहत येणारा कुणी अडला, तर तो बिचारा नुसता श्वास सोडतो. या देशात याला कडाक्याचं भांडण म्हणतात.

अप्पांनी कंबरेला पट्टा बांधून तिसऱ्याच फेरीत दोन आजींच्या मध्ये जागा पटकावली. भाषा येत नव्हती, पण ते स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवून ‘हां’ म्हणाले आणि दोघींनी त्यांना ‘पोल्वी’ हा शब्द शिकवला. गुडघा. तो शब्द मला वर्गात दुसऱ्या सत्रात भेटला होता.

पुढच्या शनिवारी चेंडूच्या खेळांची हाल्ली. इथे शब्द सोपे आहेत, कारण फिन्निश माणूस नाव ठेवताना कल्पनाशक्ती वाया घालवत नाही. यल्कापाल्लो म्हणजे पायचेंडू, कोरिपाल्लो म्हणजे टोपलीचेंडू, लेन्तोपाल्लो म्हणजे उडता चेंडू, आणि पिसांचा चेंडू तो सुल्कापाल्लो. हा शेवटचा म्हणजे बॅडमिंटन. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी पुण्यात हा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’ म्हणत, ही माहिती मी प्रत्येक फिन्निश प्रतिस्पर्ध्याला सामना हरल्यानंतर देतो. ‘यो,’ तो म्हणतो.

रॅकेटला मात्र ‘माइला’ म्हणतात. आणि रॅकेटलाच असं नाही. हॉकीची काठी माइला, बॅट माइला, टेबल टेनिसची ती फळीही माइला. काउंटरवरच्या पाटीवर ‘माइला भाड्यानं मिळेल’ अशा अर्थाची ओळ होती, ती मी अप्पांना मोठ्यानं वाचून दाखवली. अप्पा थबकले. ‘मैला? भाड्यानं?’ म्हणाले. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याशी त्यांचा पूर्वी बराच पत्रव्यवहार झालेला आहे. ‘आमच्याकडं फुकट आहे म्हणावं, कधीही या.’

या सगळ्या हाल्ल्यांवर खरं राज्य चालतं ते ‘वुओरो’चं. वुओरो म्हणजे पाळी, आपल्याला मिळालेली वेळ. कोणत्या संघाला कोणत्या वारी किती वाजता जागा मिळणार, हे नगरपालिका ठरवते, आणि पुढच्या हिवाळ्याचे अर्ज हा हिवाळा सरायच्या आतच भरून द्यावे लागतात. एकदा हातात आलेला बुधवारी आठचा वुओरो लोक वतनासारखा सांभाळतात. आणि आठ म्हणजे आठ. सात एकोणसाठला आधीचे लोक खेळत असतात, आठला मैदान रिकामं. सुल्कापाल्लोचं फूल हवेत असताना घड्याळ पाहून रॅकेट खाली करणारी माणसं मी पाहिली आहेत. ते फूल बिचारं पुढच्या वुओरोत पडतं.

आता खाली चला, शब्दशः. हेलसिंकीच्या पूर्वेला इताकेस्कुस भागात एक उइमाहाल्ली १९९३ साली उघडली, ती अखंड खडकात कोरलेली आहे. तुम्ही पोहता तेव्हा डोक्यावर डोंगर असतो. कारण ही हाल्ली दुहेरी कामाची आहे: वेळ आली, तर तलाव रिकामा करून ३,८०० माणसांना तिथे आसरा देता येतो. मेरिहाका भागात असंच एक भुयार आहे, ६,००० माणसांचं. एरवी तिथे हॉकीसारखा खेळ चालतो, व्यायामशाळा चालते, लहान मुलं घसरगुंडीवर घसरतात. शेजारी रशिया असल्यामुळे देशभर असे सुमारे ५०,५०० निवारे आहेत, आणि त्यांत ४८ लाख लोक मावतात. लोकसंख्या सारी ५६ लाखांच्या आसपास. नियम असा, की आदेश निघाल्यापासून ७२ तासांत निवारा तयार हवा. या निवाऱ्याचं नाव ‘वॅएस्तन्सुओया’. हा शब्द नीट म्हणायला शिकण्यासाठीही साधारण ७२ तास द्यावेत. मला कौतुक वाटलं ते वेगळ्याचंच. युद्धाची तयारी म्हणून भुयार खणायचं, आणि युद्ध येईपर्यंत ते रिकामं कशाला ठेवायचं म्हणून त्यात मुलांचे वाढदिवस करायचे! भीतीलासुद्धा या लोकांनी आठवड्याचा वुओरो लावून दिला आहे.

काटकसरीचं हे डोकं कधीकधी उलटंही चालतं. १९९७ साली वुओकात्ती इथे त्यांनी एक किलोमीटरहून लांब बोगदा बांधला आणि त्यात बर्फ घालून, शून्याखाली तापमान राखून, भर उन्हाळ्यात स्कीइंगची सोय केली. असा हा जगातला पहिलाच बोगदा. अशा बोगद्यांना ‘हीह्तोपुत्की’ म्हणतात, म्हणजे स्कीइंगची नळी. सहा महिने ज्या बर्फाला माणसं फावड्यानं दारातून हाकलतात, त्यालाच पुढचे सहा महिने वीजबिल भरून नळीत पाहुणा ठेवतात. अप्पांना हे सांगितलं, तर म्हणाले, ‘ऊस नसलेल्या महिन्यांत आपण नाही का गुऱ्हाळ शोधत फिरत?’

आणि आता अप्पांचं दुसरं कारण. हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियमशेजारी १९३५ साली बांधलेली मेस्सुहाल्ली, म्हणजे प्रदर्शनाचा हॉल, आहे. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कुस्त्या तिथे झाल्या. त्या जुलैत, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तिथे ५७ किलो गटात फ्रीस्टाइल कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि ती आपण वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली, असं अप्पा सांगतात.

त्या इमारतीला आता ‘किसाहाल्ली’ म्हणतात. किसा म्हणजे स्पर्धा. इथे पुन्हा बाईंचा इशारा: ‘स’ एकेरीच ठेवा, कारण ‘किस्सा’ म्हणजे मांजर. अप्पा ट्राममध्ये पूर्ण वेळ एकेरी ‘स’चा सराव करत होते. बरोबर त्यांनी चार शब्द कागदावर लिहून आणले होते: पाइनी म्हणजे कुस्ती, प्रोन्स्सी म्हणजे कांस्य, मिताली म्हणजे पदक. चौथा शब्द म्हणजे साल. एकोणीसशे बावन्न हे फिन्निशमध्ये ‘तुहात युह्देक्सॅन्साताऽ वीसिक्युम्मेन्तॅकाक्सी’ असं होतं. हे म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात खाशाबांनी एक जोड चीतपट केला असता.

काउंटरवर साठीचे एक रुंद खांद्यांचे गृहस्थ होते. अप्पांनी चारही शब्द त्यांच्यापुढे ठेवले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, ‘कोणता वजनगट?’ मी ५७ किलो म्हणालो. ‘आ, कॅपिओसार्या,’ ते म्हणाले. मी विचार न करता भाषांतर केलं: बुटक्यांचा गट. बँटमवेटला फिन्निशमध्ये तसंच म्हणतात, तो काही अपमान नव्हे. पण अप्पांच्या कपाळाची शीर उडायला लागली. ‘त्यांना सांगा, त्या बुटक्यानं ढाक लावली की सहा फुटी गडी आभाळ बघायचा.’ हे मी जमेल तसं सांगितलं. गृहस्थांनी भुवया उंचावल्या. मैदानात मुलांचा वुओरो चालू होता, तो पाचला संपणार होता, आत्ता सोडता येणार नाही, असं ते म्हणाले. मी दिलगिरीच्या सुरात अप्पांना ते कळवलं. ‘बावन्न सालापासनं थांबलोय,’ अप्पा म्हणाले, ‘आणखी वीस मिनिटांनी काय होतंय?’

पाचला मैदान रिकामं झालं. गृहस्थ काउंटर सोडून आमच्याबरोबर आत आले. चालता चालता कळलं, की ते स्वतः जुने पैलवान, ग्रीको-रोमनवाले, म्हणजे कंबरेखाली हात न लावणारे. अप्पांनी ते ऐकून त्यांच्याकडे शाकाहारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग ढाक हा डाव म्हणजे नक्की काय, हात कुठून जातो, यावर दोघांची चर्चा सुरू झाली. अप्पा मराठीत, ते फिन्निशमध्ये. मी भाषांतराला पुढे सरसावलो, विभक्ती सांभाळून एक लांबलचक वाक्यही जुळवलं, पण दोघांनी मला थांबवलं. ‘जावईबापू, व्याकरण राहू द्या,’ अप्पा म्हणाले, ‘जरा वाका.’

एका कोपऱ्यात व्यायामाच्या चटया अंथरलेल्या होत्या. पुढचा वुओरो सुरू होईपर्यंत त्या दोन पैलवानांमधला शब्दकोश मीच होतो, आणि अडलेला प्रत्येक शब्द शोधायला ते मला आळीपाळीनं उलटत होते.